गावकुसाबाहेरची खापरं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

उत्खननात सगळ्यात जास्त काय निघतं, तर फुटकी भांडी. सोन्याचं नाणं निघालं की बातमी होते, खापरांची मात्र पोती भरतात. ज्यांचा इतिहास कोणी लिहून ठेवला नाही, त्यांच्याबद्दलची बरीचशी माहिती या पोत्यांतच असते. गुलाम, बंदी, परागंदा झालेले, अल्पसंख्य, झोपडपट्टीत राहणारे, आणि खुद्द कुंभारसुद्धा. या विषयावर जे प्रश्न पुन्हा पुन्हा कानावर येतात, त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत.

लेखी कागदपत्रं असताना खापरांच्या मागे कशाला लागायचं?

कागदपत्रं कोणी लिहिली, ते आधी पाहा. गुलामांच्या याद्या मालकांनी लिहिल्या, झोपडपट्टीची वर्णनं तिथे तासभर फिरून गेलेल्या पाहुण्यांनी लिहिली, बंडखोरांच्या हकिगती त्यांना मारायला निघालेल्या फौजांनी लिहिल्या. या सगळ्यांत ती माणसं दिसतात ती दुसऱ्याच्या नजरेतून. स्वयंपाकघरातलं मडकं कोणाला दाखवण्यासाठी फोडलेलं नसतं. ते फुटलं, घरामागच्या खड्ड्यात गेलं आणि राहिलं.

शिवाय टिकाऊपणाचाही मुद्दा आहे. लाकूड कुजतं, कापड विरतं, धातू वितळवून पुन्हा वापरतात. भाजलेली माती कुजत नाही, तिची पुन्हा ओली माती होत नाही, आणि खापर चोरून न्यावं असं कोणाला वाटत नाही. गरिबाच्या घरातलं बाकी सगळं नाहीसं होतं तेव्हाही खापर जागेवर असतं.

‘काठावरची माणसं’ म्हणजे नेमकं कोण?

याची एक पक्की व्याख्या नाही, आणि ती करण्याच्या फंदात पडू नये असं माझं मत आहे. काही जण कायद्याने बाहेर होते, उदाहरणार्थ गुलाम. काही धर्मामुळे, काही धंद्यामुळे, काही परके म्हणून. एकच माणूस एका ठिकाणी काठावर आणि दुसऱ्या ठिकाणी मध्यभागी असू शकतो. ‘ही वंचितांची वस्ती’ असं आधीच ठरवून खोदायला गेलं, तर हाती येणारं प्रत्येक खापर दारिद्र्याचाच पुरावा वाटायला लागतं. ही चूक अभ्यासकांकडून खूप वर्षं झाली.

एका तुकड्यावरून इतकं कसं कळतं?

एकट्या तुकड्यावरून फार थोडं कळतं. तो कुठल्या थरात, कुठल्या घरात, कशाच्या शेजारी सापडला, यावर सगळं अवलंबून असतं. तरीही हातात घेतल्यावर काय पाहतात, ते सांगतो.

आधी फुटलेली कड. ताजी मोड पाहिली की मातीचा पोत दिसतो. तिच्यात वाळू मिसळली आहे, भुसा आहे की शिंपल्याचा चुरा, हे समजतं, आणि त्यावरून माती जवळची की लांबून आणलेली याचा अंदाज येतो. मोडीत दोन्ही बाजूंना लाल आणि मधे काळा पट्टा दिसला, तर बहुतेकदा भाजणी लवकर आटपलेली किंवा हवा कमी पडलेली असते. उघड्या आव्यात साधारण ६०० ते ९०० अंश सेल्सिअसपर्यंत उष्णता जाते. चिनी मातीच्या पांढऱ्या भांड्याला १,३०० च्या आसपास लागते. म्हणजे भट्टी कोणाच्या ताब्यात होती आणि इंधन किती मिळत होतं, हेही त्या मोडीत आहे.

मग काठ. काठाचा तुकडा पालथा करून कागदावर काढलेल्या गोलांच्या तक्त्यावर ठेवतात. जो गोल बरोबर बसतो, तो भांड्याच्या तोंडाचा व्यास. चार बोटांएवढ्या तुकड्यावरून वाडगा होता की पसरट थाळा, हे ठरतं. आणि वाडगा की थाळा, या एका प्रश्नावर जेवणाची पद्धत उभी असते: पातळ कालवण की कोरडे तुकडे, प्रत्येकाचं ताट वेगळं की सगळ्यांचं एकच. स्पेनमध्ये १४९२ ला ख्रिस्ती राजांनी ग्रानाडाचं मुस्लीम राज्य जिंकलं. त्यानंतर ग्रानाडा परिसरातल्या मुस्लीम आणि पुढे सक्तीने धर्मांतरित झालेल्या कुटुंबांकडे सगळ्यांनी मिळून जेवायचे मोठे थाळे टिकून राहिलेले दिसतात, तर नव्याने आलेल्या ख्रिस्ती घरांत छोटे स्वतंत्र वाडगे असतात. धर्मांतराचा दाखला चर्चच्या वहीत असेल, पण जेवायला बसायची रीत थाळ्याच्या व्यासात आहे.

शेवटी आतली बाजू: काजळी, ओरखडे, झीज, आणि मातीत मुरलेलं तेल-तूप. त्याबद्दल पुढे येईलच.

गुलामांच्या वस्त्यांत काय सापडलं?

अमेरिकेतल्या व्हर्जिनिया आणि साउथ कॅरोलायनामधल्या जुन्या मळ्यांवर हाताने घडवलेली, चकाकी नसलेली, कमी आचेवर भाजलेली भांडी हजारोंनी मिळतात. १९६२ मध्ये आयव्हर नोएल ह्यूम या पुरातत्त्वज्ञाने त्यांना ‘कोलोनो-इंडियन’ असं नाव दिलं, कारण ती मूळ अमेरिकन लोकांनी गोऱ्या वसाहतवाल्यांसाठी केली असावीत, असं तेव्हा वाटत होतं. पुढे ही भांडी गुलामांच्या झोपड्यांच्या आसपास इतक्या संख्येने निघू लागली, की ती आफ्रिकेतून आणलेल्या लोकांनीही स्वतः घडवली असणार, असं लेलंड फर्ग्युसन यांनी मांडलं. आता नाव नुसतं ‘कोलोनोवेअर’ असं उरलं आहे. माझ्या मते एका शब्दातला हा बदल मोठा आहे. आधीची कितीतरी वर्षं ही भांडी डोळ्यांसमोर असूनही ‘गुलामांनी केली’ हे कोणाला सुचलंच नव्हतं.

घडण साधी आहे: छोटे वाडगे आणि गोल बुडाच्या हंड्या. दिवसभर शेतात राबणाऱ्या बाईने सकाळी चुलीवर ठेवून जावी आणि संध्याकाळी येऊन त्यातलं वाडग्यात वाढावं, असा हा संच आहे.

काही वाडग्यांच्या बुडावर फुलीची खूण कोरलेली आढळते, आणि अशी बरीच भांडी नद्यांच्या तळाशी सापडली आहेत. मध्य आफ्रिकेतल्या काँगो लोकांच्या विश्वचिन्हाशी फर्ग्युसन यांनी या खुणेचा संबंध जोडला. वर्तुळात फुली, आडवी रेघ म्हणजे जिवंत आणि मृतांच्या जगांमधलं पाणी. ही मांडणी मन वेधून घेते, पण तिच्यावर वाद आहे: ती नुसती मालकीची खूण असेल, विकणाऱ्याची असेल. सगळी भांडी एकाच समाजाने केली असंही नाही. कटॉबासारख्या मूळ अमेरिकन जमातीही अशी भांडी घडवून विकत होत्या. मला स्वतःला नदीत सोडलेली फुलीवाली भांडी योगायोग वाटत नाहीत, पण हे माझं वाटणं झालं, सिद्धता नव्हे.

जमैकात असंच ‘याबा’ नावाचं मातीचं पसरट भांडं गुलामगिरीच्या काळापासून चालत आलं. ते घडवणाऱ्या मुख्यतः बायका. रविवारच्या बाजारात गुलामांना आपला माल विकता येत असे, आणि तिथे भांडीही जात. म्हणजे ज्यांच्या मालकीचं स्वतःचं शरीरही नव्हतं, त्यांच्या हाती स्वतः मिळवलेले चार पैसे येत होते, आणि त्यातला काही वाटा मातीतून येत होता.

अशा एखाद्या कुंभाराचं नाव कधी कळतं का?

क्वचित कळतं. डेव्ह हे त्यातलं सगळ्यात विलक्षण नाव.

साउथ कॅरोलायनातला एजफील्ड जिल्हा दगडासारख्या कठीण, राख-चुन्याच्या चकाकीच्या भांड्यांसाठी प्रसिद्ध होता, आणि तिथे राबणारे बरेच हात गुलामांचे होते. डेव्ह हा त्यातला एक, जन्म १८०० च्या आसपास. स्वातंत्र्यानंतर तो डेव्हिड ड्रेक या नावाने ओळखला गेला. गुलामांना लिहायला शिकवण्यावर त्या प्रांतात १७४० पासून बंदी होती, १८३४ च्या कायद्याने वाचायला शिकवणंही गुन्हा ठरवलं. त्याच १८३४ सालापासून डेव्हची ओळी कोरलेली भांडी मिळतात. ओल्या मातीवर, खांद्याच्या जरा खाली, काडीने कोरलेली वळणदार अक्षरं: तारीख, कधी मालकाचं नाव, आपलं नाव, आणि कधी दोन ओळींचं यमक.

१६ ऑगस्ट १८५७ च्या रांजणावरच्या ओळींचा आशय असा: माझे सगेसोयरे सगळे कुठे असतील, असा विचार मनात येतो, मैत्री सगळ्यांशी, प्रत्येक राष्ट्राशी. ज्या व्यवस्थेत घरची माणसं कधीही विकली जात, त्या व्यवस्थेत एक माणूस मांस साठवायच्या भांड्यावर आपल्या माणसांची आठवण काढतो. आणि ते भांडं मालक विकायला पाठवतो, गावोगाव जातं, शेकडो लोक ते वाचतात.

१८५९ चे त्याचे दोन प्रचंड रांजण प्रसिद्ध आहेत, सुमारे दीडशे लिटर मावतील एवढे. एवढं ओझं चाकावर एकट्याने पेलणं शक्य नाही, आणि त्यावर दोन नावं आहेत: डेव्ह आणि बॅडलर. बॅडलर कोण होता, हे विचारायला दुसरा कागद नाही. त्याचं असणं त्या मातीत कोरलेल्या नावापुरतंच.

रोमन काळातही असं घडलं. इटलीतल्या अरेझ्झो गावी इसवी सनापूर्वीच्या अखेरच्या दशकांत लाल चकचकीत भांड्यांचे कारखाने भरात होते. भांड्याच्या आत बुडाशी छोटा शिक्का असे आणि त्यात बऱ्याचदा दोन नावं: घडवणारा गुलाम आणि मालक. ‘मार्कस पेरेनियसचा केर्डो’, अशा थाटाचा. शिक्का मारायचा हेतू हिशेबाचा, गुलामाला मान द्यायचा नव्हे. तरी दोन हजार वर्षांनी केर्डो हे नाव आपण उच्चारतो आहोत. अथेन्सच्या काळ्या-लाल भांड्यांवर ‘लीडॉस’, ‘स्कीथेस’ अशा सह्या आढळतात. अर्थ सरळ ‘लिडियाचा’, ‘सिथियाचा’. ही नावं म्हणजे गावाबाहेरून आलेला, परका, एवढीच ओळख.

भांड्यात काय शिजत होतं, हे खरंच कळतं?

हो. चकाकी नसलेली माती सच्छिद्र असते. शिजवताना स्निग्ध पदार्थ तिच्या छिद्रांत मुरतात आणि हजारो वर्षं अडकून राहतात. तुकडा कुटून, द्रावकाने ते स्निग्धांश सोडवून घेतले, की दूध, गाय-मेंढीची चरबी, डुकराची चरबी, मासे यांत फरक करता येतो. कार्बनच्या समस्थानिकांचं (वजनाने जरा वेगळ्या असलेल्या कार्बनच्या अणूंचं) प्रमाण त्यात कामी येतं.

यातलं मला सगळ्यात भिडणारं उदाहरण ऑक्सफर्डचं. तिथे ज्यू लोक अकराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून राहत होते, आणि १२९० मध्ये सगळ्या इंग्लंडमधून ज्यूंना हाकलून दिलं. सेंट ॲल्डेट्स रस्त्यावरच्या उत्खननात ज्यू घरांच्या जागेवरची भांडी निघाली. २०२१ मध्ये त्यांचं विश्लेषण प्रसिद्ध झालं. गाय, शेळी-मेंढी यांचे अंश मिळाले, ज्यूंना वर्ज्य असलेल्या डुकराचा पत्ता नाही. शेजारच्या कचऱ्यात पाळीव पक्ष्यांची, मुख्यतः हंसजातीच्या (गूज) पक्ष्यांची हाडं भरपूर. त्याच जागेवरच्या आधीच्या काळातल्या भांड्यांत डुकराची चरबी होती. चहूबाजूंनी वेगळं खाणाऱ्या आणि पुढे आपल्याला हुसकावून लावणाऱ्या शहराच्या मधोमध एका घराने आपला आहारनियम चुलीवर रोज पाळला, हे एका हंडीच्या बुडाने सांगितलं.

गरीब वस्तीत उंची भांडी निघाली, म्हणजे तिथले लोक गरीब नव्हतेच का?

हा प्रश्न फार विचारला जातो.

न्यूयॉर्कमधली फाइव्ह पॉइंट्स वस्ती एकोणिसाव्या शतकात घाण, गुन्हे आणि दारू यांचं दुसरं नाव होती, निदान वर्तमानपत्रांच्या लेखी. १९९१ मध्ये न्यायालयाच्या इमारतीसाठी खोदताना तिथल्या घरांमागचे शौचकूप आणि खड्डे उघडे पडले. सुमारे साडेआठ लाख वस्तू निघाल्या. त्यात आयरिश मजुरांच्या खोल्यांमधले छापील नक्षीचे चहाचे कप, बशा, शोभेच्या छोट्या मूर्ती, आणि दारूबंदीचा प्रचार करणारे आयरिश धर्मगुरू फादर मॅथ्यू यांचं चित्र असलेला एक कप. ‘दारुडी वस्ती’ म्हणून बदनाम झालेल्या गल्लीत दारू सोडा सांगणारा कप! हा संग्रह वर्ल्ड ट्रेड सेंटरच्या एका इमारतीच्या तळघरात ठेवला होता, आणि ११ सप्टेंबर २००१ ला, मोजक्या वस्तू सोडल्या तर, सगळा नष्ट झाला.

सिडनीच्या रॉक्स भागात १९९४ मध्ये खोदलेल्या घरांतही असंच दिसलं. शिक्षा भोगायला आणलेले कैदी आणि त्यांचे वंशज तिथे राहत, आणि त्यांच्या घरांत चिनी नक्षीची ताटं आणि सजावटीच्या वस्तू होत्या.

याचा अर्थ दारिद्र्य खोटं होतं, असा नाही. भाडं थकलेलं असतानाही माणूस चहाचा एक देखणा कप घेतो. पाहुणा आला तर त्याच्यासमोर मान खाली जाऊ नये म्हणून घेतो. भांड्यांच्या जुन्या किमतींवरून कुटुंबाची ऐपत मोजायच्या पद्धती आहेत, साध्या मलईच्या रंगाच्या भांड्याला एक धरून बाकीच्यांची तुलना करतात. त्या उपयोगी आहेत, पण त्या किंमत सांगतात, ते भांडं घरी कसं आलं हे सांगत नाहीत. मळ्यांवरच्या गुलामांच्या झोपड्यांत चिनी मातीच्या बशा निघतात, त्या मालकाच्या घरातून उतरलेल्याही असू शकतात आणि स्वतः विकत घेतलेल्याही.

आणखी एक गोष्ट इथे विसरली जाते. ही स्वस्त नक्षीदार भांडी बहुतेक इंग्लंडच्या स्टॅफर्डशायरमधून जगभर जात. तिथे साचे उचलून गरम कोठीत पळत नेण्याचं आणि परत आणण्याचं काम लहान मुलं करत. त्यांना ‘साचे पळवणारी’ असंच म्हणत. १८४१ च्या सरकारी चौकशीत या मुलांच्या जबान्या नोंदल्या आहेत. चकाकीच्या शिशाने आणि मातीच्या धुळीने कामगारांची शरीरं पोखरत. न्यूयॉर्कच्या गल्लीतला एक कप हातात घेतला, की काठावरच्या दोन वस्त्या एकदम समोर येतात: तो वापरणारी आणि तो बनवणारी.

परदेशी जाऊन राहिलेल्यांची, हुसकावलेल्यांची भांडी वेगळी ओळखू येतात का?

कॅलिफोर्नियातल्या सॅन होजेच्या मार्केट स्ट्रीटवर एक चिनी वस्ती होती, हजारावर माणसांची. १८८२ मध्ये अमेरिकेने चिनी मजुरांना देशबंदी करणारा कायदा केला, आणि १८८७ च्या मे महिन्यात ही वस्ती लावलेल्या आगीत जळून गेली. जवळजवळ शंभर वर्षांनी, १९८० च्या दशकात, तिथे बांधकाम सुरू झालं तेव्हा खड्डे उघडले. फिकट हिरव्या चकाकीचे प्याले, बांबूच्या नक्षीचे भाताचे वाडगे, सोया सॉसच्या तपकिरी बरण्या. त्यांच्यासोबत इंग्लंडमधली जाड पांढरी भांडीही.

त्यातल्या काही वाडग्यांच्या बुडावर टोकदार हत्याराने टोचून टोचून चिनी अक्षरं उमटवली आहेत. भाजलेल्या, काचेसारख्या गुळगुळीत चकाकीवर हे काम किती सावकाश करावं लागलं असेल याची कल्पना करा. जोराचा एक ठोका आणि वाडगा दुभंगला. एकाच नक्षीचे पन्नास वाडगे असलेल्या सामायिक स्वयंपाकघरात ‘हा माझा’ हे सांगायला कोणीतरी एकेका ठिपक्याने आपलं नाव लिहीत बसलं. सॅन होजे शहराने २०२१ मध्ये या वस्तीच्या वंशजांची जाहीर माफी मागितली.

दुसऱ्या महायुद्धात, १९४२ पासून, अमेरिकेने सुमारे १ लाख २० हजार जपानी वंशाच्या लोकांना छावण्यांत डांबलं. हातात उचलता येईल तेवढंच सामान न्यायची मुभा होती. मांझानारसारख्या छावण्यांच्या जागी सैन्याच्या पुरवठा खात्याचा शिक्का असलेली जाड पांढरी भोजनालयाची भांडी विखुरलेली आहेत, सगळ्यांना एकसारखी. पण कोलोरॅडोतल्या अमाची छावणीच्या जागी बराकींच्या आसपास जपानी चिनी मातीच्या वाडग्यांचे तुकडेही मिळतात. दोन हातांत मावेल तेवढ्याच सामानात कोणीतरी फुटणारी वस्तू निवडली होती. इंग्लंडमधल्या अनाथ-निराधारांच्या कामघरांतही संस्थेचं नाव छापलेली ताटं असत. तिथे माणसाचं नाव भांड्यावर नसे, संस्थेचं असे.

कुंभार स्वतः समाजात कुठे होते?

अनेक ठिकाणी काठावरच. इथिओपियाच्या दक्षिणेकडच्या डोंगरांत राहणाऱ्या गामो समाजात मडकी घडवणारे ‘माना’ हा वेगळा, खालचा मानलेला गट होता. घडवणाऱ्या बायका, आणि गटाला जमीन धारण करण्यावर बंधनं. मडक्याशिवाय कोणाचं घर चालत नव्हतं, पण मडकं करणाऱ्याला घरात जागा नव्हती. उत्तरेकडच्या गोंदार भागातल्या बेटा इस्राएल (इथिओपियातले ज्यू) समाजातल्या कुंभारणी आणि लोहारांवर तर दृष्ट लावण्याचा आळ घेतला जाई. आग आणि माती हाताळणाऱ्यांबद्दलचं भय अनेक समाजांत असंच भेदाचं कारण झालं आहे.

गामोंमध्ये जॉन आर्थर या अभ्यासकाने एक सुंदर निरीक्षण केलं. धान्याचं मद्य आंबवायच्या भांड्यांची आतली बाजू आंबवणाच्या आम्लाने खवलेली, खड्डे पडलेली असते. मद्य करायला जास्तीचं धान्य लागतं, म्हणून अशी झीज सधन घरांतल्या भांड्यांत दिसते. गरीब घरातलं तेच मडकं आतून गुळगुळीत. श्रीमंती मडक्याच्या नक्षीत शोधत बसण्यापेक्षा त्याच्या आत बोट फिरवून पाहावं.

कधी कुंभाराला पळवून नेलं जातं. १५९२ ते १५९८ या काळात जपानने कोरियावर स्वाऱ्या केल्या आणि येताना कितीतरी कुंभार धरून आणले. परंपरेनुसार यी साम-प्योंग नावाच्या अशाच एका कोरियन कुंभाराला १६१६ च्या सुमारास आरिता इथे चिनी मातीचा साठा सापडला, आणि जपानी चिनी मातीच्या भांड्यांची सुरुवात झाली. सात्सुमा प्रांतातल्या नाएशिरोगावा गावात वसवलेल्या कोरियन कुंभारांना प्रांताधिपतीने संरक्षण दिलं, पण वेगळं ठेवलं: नावं कोरियन, पेहराव कोरियन. पांढरी भांडी सरदारासाठी आणि काळी सामान्य लोकांसाठी. पिढ्यान्‌पिढ्या ते तिथले असूनही परके राहिले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला त्या गावातल्या एका घराने आपलं पाक हे आडनाव बदलून तोगो केलं. त्या घरातला मुलगा, शिगेनोरी तोगो, १९४१ मध्ये जपानचा परराष्ट्रमंत्री झाला.

पुणे जिल्ह्यातल्या, घोड नदीकाठच्या इनामगावात डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ अशी बारा सत्रं उत्खनन केलं. तिथल्या जोर्वे काळातल्या (सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीच्या) वस्तीत मध्यभागी मोठ्या घरांची, कोठाराची जागा, आणि कुंभार, सोनार, चुना भाजणारे असे कारागीर पश्चिमेच्या कडेला. हे वाचून लगेच ‘कारागीर बहिष्कृत होते’ असं म्हणायचा मोह होतो. पण भट्टीचा धूर आणि गवती छपरांना आगीची भीती, हेही तिला गावाच्या कडेला ठेवायला पुरेसं कारण आहे. जागा कडेची म्हणून माणूसही कडेचा, असं नुसत्या नकाशावरून म्हणता येत नाही.

बायका आणि मुलं यात कुठे दिसतात?

बोटांच्या ठशांत. पुरुषांच्या बोटांवरच्या रेषा बायकांपेक्षा सरासरी ९ टक्के रुंद असतात, आणि मुलांच्या आणखी बारीक. ओल्या मातीवर दाबलेले ठसे मोजून घडवणाऱ्याचा अंदाज बांधता येतो. अमेरिकेच्या न्यू मेक्सिकोतल्या, सुमारे हजार वर्षांपूर्वीच्या चाको या मूळ अमेरिकन संस्कृतीच्या ब्लू जे वस्तीतल्या ९८५ खापरांवरचे ठसे तपासून २०१९ मध्ये असं दिसलं, की मडकी फक्त बायकाच करत हा समज चुकीचा होता. पुरुषांचे ठसे जवळजवळ निम्मे होते.

त्याच वर्षी जर्मनीच्या बव्हेरियातल्या कांस्य आणि लोहयुगीन बाळांच्या थडग्यांमधली तोटीची तीन छोटी भांडी तपासली. आत जनावरांच्या दुधाचे अंश मिळाले. आई दूध पाजू शकत नसेल, किंवा दूध सोडवायची वेळ आली असेल. ज्या बाळाचं नाव कुठल्याच बखरीत यायचं नव्हतं, त्याच्यासाठी कोणीतरी तळहातात मावेल असं भांडं घडवलं आणि त्याच्यासोबतच पुरलं.

आणि स्कॉटलंडच्या लुइस बेटावरच्या शेतकरी बायका. एकोणिसाव्या शतकातही त्या चाकाशिवाय हाताने मडकी घडवत, चुलीच्या आगीत भाजत आणि गरम असतानाच त्यांच्यावर दूध ओतत. दुधाने छिद्रं बुजतात. बारव्हस गावच्या बायकांनी तर कारखान्यातल्या चहाच्या संचाची नक्कल हाताने केली: किटली, कप, साखरदाणी, सगळं ओबडधोबड आणि सगळं ओळखू येणारं.

पळून जाऊन वस्ती केलेल्यांचं काय?

ब्राझीलमध्ये गुलामगिरीतून निसटलेल्यांनी डोंगराळ भागात पाल्मारेस ही मोठी वस्ती उभारली. ती सतराव्या शतकात बराच काळ टिकली, १६९४ मध्ये पोर्तुगीज फौजांनी मोडली, आणि तिचा नेता झुंबी १६९५ मध्ये मारला गेला. १९९२-९३ मध्ये सेरा दा बारिगा डोंगरावर उत्खनन झालं. निघालेली बहुतेक खापरं साधी, स्थानिक आणि मूळ रहिवाशांच्या शैलीला जवळची. काहींनी यात आफ्रिकन आणि मूळ रहिवासी एकत्र राहिल्याचा पुरावा पाहिला, काहींनी सांगितलं की हे थर आधीच्या वस्तीचेही असू शकतात. मडकं म्हणजे माणूस नव्हे, हे इथे पक्कं ध्यानात ठेवायला लागतं. शेजाऱ्याचं मडकं वापरणारा शेजारी होत नाही, आणि आपलं मडकं सोडून दिलेला आपलेपण सोडतोच असं नाही.

भांडं फुटल्यावर त्याचं काम संपत होतं का?

नाही. तडा गेलेल्या भांड्याच्या दोन्ही बाजूंना भोकं पाडून शिशाच्या पट्टीने किंवा दोरीने शिवलेली भांडी जगभर मिळतात. तुकड्यांची कड घासून सोंगट्या करत, मधे भोक पाडून सूत कातायच्या चातीचं वजन करत. इजिप्तमध्ये खापर हा गरिबाचा कागद होता. पूर्वेच्या वाळवंटातल्या मॉन्स क्लॉडियानस इथे रोमसाठी दगडी खांब खणून काढत. तिथे खापरांवर शाईने लिहिलेले ९,००० च्या आसपास मजकूर निघाले आहेत. त्यांत पाण्याचा हिशेब आहे, आजाऱ्यांच्या याद्या आहेत, कुठे नुसतं ‘अमुक पाठव’ आहे. रोममधल्या पँथिऑन मंदिराला लावलेले तिथले खांब आजही उभे आहेत, आणि ते खणणाऱ्या माणसांबद्दल सगळ्यात जास्त माहिती या तुकड्यांत आहे.

खणताना खापर हाती लागलं तर काय करावं?

जागेवर असेल तर आधी हलवू नका. शेजारी पट्टी किंवा पेन ठेवून फोटो काढा, किती खोल होतं आणि आजूबाजूला काय होतं ते लिहून ठेवा, आणि पुरातत्त्व खात्याला किंवा जवळच्या विद्यापीठाच्या विभागाला कळवा. उचलावंच लागलं तर ब्रशने घासून लख्ख करू नका. आतली काजळी आणि खरपुडी ही घाण नाही, ती शेवटच्या जेवणाची खूण आहे. तुकडे गोंदाने जोडू नका. प्लॅस्टिकपेक्षा कागदात गुंडाळणं बरं, कारण प्लॅस्टिकचे अंश मातीत उतरून पुढची तपासणी बिघडवू शकतात. आणि बुडाचा तुकडा असेल, तर तो उलटा करून तिरप्या उजेडात धरा. समोरून पडलेल्या उजेडात न दिसणारं टोचलेलं अक्षर किंवा अंगठ्याचा ठसा अशा उजेडात उठून दिसतो.